आधी उतार शोधा, मग सायकल घाला!

पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरात सायकल आणि पाणी यांचे नाते कधीच फारसे सलोख्याचे नव्हते. पावसाळ्यात रस्त्यावर डबके दिसले की दोन्ही पाय वर उचलायचे आणि वेगाच्या जोरावर पार व्हायचे. डबके जरा मोठे असले तर मुकाट्याने खाली उतरून सायकल कडेकडेने ढकलत न्यायची. एवढे करूनही चाकात पाणी गेलेच, तर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे ‘ओव्हरऑइलिंग’ ठरलेले. तो थाळीत रॉकेल घेऊन छर्रे धुवायला बसे, आणि घरी वडील विचारीत, “पाण्यात कशाला घातलीस? याचे पैसे कोण देणार?”

अशा संस्कारात वाढलेल्या वाचकाला पुढली हकीगत जरा चमत्कारिक वाटेल. जगात असा एक खेळ आहे की ज्यात शहाणीसुरती माणसे लाखालाखाच्या सायकली जाणूनबुजून नदीत घालतात, चिखलात लोळवतात, धबधब्याच्या कडेने खांद्यावर वाहतात, आणि वर त्यासाठी प्रवेश-फीही भरतात! डोंगरी सायकलशर्यत, म्हणजेच ‘माउंटन बाइकिंग’, हा तो खेळ. त्याची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० साली अमेरिकेत कोलोरॅडो संस्थानातील ड्युरँगो येथे झाली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला मानाचे पान मिळाले. आता आपल्याकडेही सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि हिमालयाच्या चढणींवर जाड टायरांच्या सायकली दिसतात. तुमच्याआमच्या घरातली मुलेमुली त्यांवर असतात. म्हणून हा खेळ पाण्याशी कसा वागतो, आणि पाणी त्याच्याशी कसे वागते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीही समजून घेण्याजोगे आहे.

समुद्रापासून समुद्रापर्यंत

मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा चिमुकला देश आहे. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र, आणि मधोमध ज्वालामुखींची उंच रांग. सोळाव्या शतकात स्पॅनिश शिपाई सोन्याच्या आशेने या रानांतून वाट काढीत गेले. त्यांची आठवण धरून रोमान उर्बिना या तिथल्याच क्रीडापटूने १९९३ साली एक शर्यत सुरू केली. तिचे नाव ‘ला रूटा दे लोस कोंकिस्तादोरेस’, म्हणजे जेत्यांची वाट. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून निघायचे आणि तीन-चार दिवसांत कॅरिबियनच्या काठी पोचायचे. वाटेत ३,४३२ मीटर उंचीच्या इराझू ज्वालामुखीची चढण लागते. पण शर्यतीहून परतलेले लोक गोष्टी सांगतात त्या चढणीपेक्षा पाण्याच्या आणि चिखलाच्या.

पहिल्याच दिवशी काराराचे ओले जंगल लागते. तिथली चिकणमाती टायरला अशी धरते की चाक फिरायचेच थांबते. चौकट आणि टायर यांच्यामधली फट भरून जाते, आणि दहा-बारा किलोची सायकल उचलू गेले तर दुप्पट जड लागते. मग येतात ओढे आणि नद्या. याच मुलखातली तारकोलेस नदी मगरींबद्दल प्रसिद्ध आहे! अखेरच्या दिवशी केळीच्या मळ्यांतून लिमोन बंदराकडे जाताना रेल्वेचे जुने पूल ओलांडावे लागतात. रुळांखालच्या स्लीपरांमधून खाली नदी दिसत असते, आणि मोठमोठे पट्टीचे सायकलपटू सायकल हाताशी धरून एकेका स्लीपरवर जपून पाऊल टाकीत असतात.

या शर्यतीत जो टिकतो तो पाण्याशी झटापट करीत नाही. काठावर आल्यावर तो आधी एक निर्णय घेतो: बसून जायचे, उतरून जायचे, की थांबायचे? आपल्या खेड्यापाड्यांत यासाठी फार नेमका शब्द आहे. नदी जिथे पायी ओलांडता येते त्या जागेला आपण ‘उतार’ म्हणतो. डोंगरी सायकलस्वाराची पहिली विद्या म्हणजे हा उतार ओळखणे.

पाणी काय सांगते?

पाणी वाचता येते. जिथे पृष्ठभागावर बारीक लाटांची जाळी पसरलेली दिसते आणि पात्र रुंद असते, तिथे ते बहुधा उथळ असते. जिथे ते काचेसारखे गुळगुळीत आणि मुकाट असते, तिथे डोह असण्याचा संभव. वळणावर बाहेरच्या बाजूने पाणी जोरात धावते आणि तळ खरवडून खोल करते. आतल्या बाजूला मात्र वाळू-गोटे साचून उथळ पट्टी तयार होते. मातकट पाण्यात काठ्याकुट्या आणि पालापाचोळा वाहत येऊ लागला, तर वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आहे आणि पाणी चढणार आहे असे समजावे. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असले तरी नदीला त्याचे सोयरसुतक नसते.

हिमालयातले नाले याहून वेगळ्या तऱ्हेचे. ते बर्फ वितळून वाहतात. पहाटेच्या थंडीत ओहोटलेला नाला उन्हे तापल्यावर दुपारी फुगतो. मनाली-लेहच्या वाटेवर किंवा स्पितीत सायकलवरून जाणारे जाणते लोक म्हणूनच अंधारात उठतात आणि मोठे नाले सकाळी पार करून टाकतात.

घोटाभर, गुडघाभर, मांडीभर

आपली जुनी मापे इथे फुटपट्टीपेक्षा कामाची. घोटाभर पाणी असेल, ओढ मंद असेल आणि तळाशी खडी किंवा घट्ट वाळू असेल, तर खुशाल बसून जावे. आजच्या एकोणतीस इंची चाकाच्या सायकलीत पायडल अगदी खाली आले तरी ते जमिनीपासून साधारण पंधरा-सोळा सेंटिमीटर वर असते, तेव्हा पाऊलही फारसे भिजत नाही. पाण्यात शिरण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा, वजन थोडे मागे घ्यावे, हात सैल ठेवावेत आणि नजर पैलतीरावर लावावी. पाण्याकडे पाहणारा पाण्याबरोबर वाहू लागतो, कारण सायकल नजरेमागे जाते. पायडल मारणे थांबवू नये. पाण्यात ब्रेक लावू नये, आणि हॅण्डलला हिसकाही देऊ नये.

नवशिके एक चूक हटकून करतात. भरधाव येऊन पाण्यात घुसले की आपसूक पलीकडे निघू, असे त्यांना वाटते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध चौपट होतो. पुढचे चाक पाण्यात शिरताक्षणी जणू कुणी हाताने धरून ठेवल्यासारखे अडते, मागचा ऐवज पुढे येतो, आणि स्वार हॅण्डलवरून प्रवाहात. म्हणून बेताचा वेग आणि न थांबणारे पाय, हे सूत्र.

गुडघाभर पाण्यात हिशेब बदलतो. त्या चाकाचा आस जमिनीपासून सुमारे ३७ सेंटिमीटरवर असतो; त्याच्यावर पाणी गेले की बेरिंगे बुडाली. तळ दिसत नाही, शेवाळलेले गोटे सरकतात. इथे उतरून चालावे हे उत्तम. पायात बूट ठेवावेत; अनवाणी पाय निसरड्या गोट्यावर टिकत नाही आणि कापतोही. सायकल आपल्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे वाहत जाते त्या बाजूला धरावी. वरच्या अंगाला धरली तर प्रवाह तीच तुमच्या पायांवर आणून आदळतो. पाठीवर पिशवी असेल तर तिचा कमरेचा पट्टा आधी सोडावा. पडलात तर पिशवी टाकून मोकळे होता आले पाहिजे. एक पाय पक्का रोवला की मगच दुसरा उचलावा.

आणि मांडीभर पाणी, त्यातून ओढीचे? तिथे सायकल घालूच नये. यामागे एक मौजेचे गणित आहे. दोन जाड टायरांत मिळून दहा लिटरांच्या आसपास जागा हवेने व्यापलेली असते. म्हणजे सायकल पूर्ण बुडाली की पाणी तिला दहा किलोच्या आसपास उचलून धरते. काठावर जड वाटणारे यंत्र प्रवाहात पिसासारखे हलके होते आणि आडव्या धरलेल्या पंख्यासारखे पाणी अडवते. ते हातातून सुटते, नाहीतर सोबत घेऊन जाते. सायकल गेली तर पुन्हा मिळेल, म्हणून अशा वेळी ती सोडून द्यायची असते, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे. आपल्या कष्टाच्या पैशाची वस्तू सोडवत नाही, हा मध्यमवर्गीय स्वभाव नदीच्या मध्यावर जिवावर बेतू शकतो.

खाली उतरणे ही हार नव्हे

आपल्या तरुण मंडळींना खाली उतरण्याची लाज वाटते. त्यांनी या खेळाच्या वडील भावाकडे पाहावे. ‘सायक्लोक्रॉस’ हा युरोपातला चिखलातला सायकलखेळ. त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली फ्रान्समध्ये झाली, आणि १९५० साली पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा भरली. त्यात धावत्या सायकलीवरून उतरणे, ती झटकन खांद्यावर टाकणे, पळणे आणि पुन्हा टांग मारणे हीच मुख्य कला. उतरण्यात जो एक सेकंद वाचवतो तो जिंकतो.

याहूनही जुना दाखला आहे. १८९७ साली अमेरिकन सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतले वीस कृष्णवर्णीय शिपाई लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या हाताखाली माँटानातील मिझुला येथून सायकलींवर निघाले, आणि सुमारे १,९०० मैल तुडवून ४१ दिवसांनी सेंट लुइसला पोचले. रस्ते नावालाच होते. ओढा उथळ असला की ते उतरून सायकली ढकलत नेत. खोल असला की सायकल मजबूत काठीला अडकवायची आणि काठीची दोन टोके दोघांनी खांद्यावर घ्यायची, आपल्याकडे डोली नेतात तशी! मोहिमेवर निघालेल्या शिपायांना ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात कॉलेजकुमाराला का वाटावा?

ग्रीसच्या धुरातून जन्मलेला खेळ

आता यंत्राकडे वळू. गंमत अशी, की या खेळाच्या बारशातच सायकलीच्या निगेची गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात मरीन परगण्यात काही उनाड पोरे जुन्यापुराण्या अवजड सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. त्या सायकलींना पायडल उलटे फिरवले की लागणारा, मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला ‘रीपॅक’ म्हणतात. तेच त्या शर्यतीचे नाव पडले. पहिली शर्यत जिंकली ॲलन बाँड्स याने, आणि असे सांगतात की न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता.

तेव्हा ग्रीस आगीने जाई, आता ते पाण्याने जाते. हब म्हणजे बैलगाडीच्या भाषेत चाकाचा तुंबा. लांब उतारावर ब्रेक दाबून आलेल्या सायकलीचा हब आणि त्यातली हवा तापलेली असते. तशीच ती थंडगार ओढ्यात घातली की आतली हवा आकसते आणि रबरी झाकणांच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. पाण्याबरोबर येते बारीक रेव. ग्रीसमध्ये कालवलेली रेव म्हणजे पॉलिश-पेपरच. छर्रे आणि त्यांची वाट दोन्ही घासून काढते. म्हणून खोल पाणी दिसले तर काठावर दोन मिनिटे थांबून चाके निवू द्यावीत. तेवढ्यात उतारही नीट पाहून होतो.

ब्रेकचे म्हणाल, तर जुन्या काळी पावसात सायकल चालवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की ओल्या पोलादी रिमवर रबर नुसते घसरते. ब्रेक दाबला इथे आणि सायकल थांबली पुढच्या चौकात! डोंगरी सायकलींना आता चाकाच्या मध्याशी तबकडीचे ब्रेक असतात. तबकडी जमिनीपासून फूटभर उंच असल्यामुळे लहानसहान पाण्यात भिजत नाही. भिजलीच तर बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच दाबून चार पावले जावे, म्हणजे ती कोरडी होते. हा उपचार पुढच्या उतारापूर्वी केला पाहिजे, उतारावर नव्हे. ब्रेकच्या गाद्या दोन जातींच्या मिळतात. मऊ मिश्रणाच्या गाद्या आवाज कमी करतात, पण रेताड चिखलात एका दिवसातसुद्धा संपू शकतात. धातूची पूड दाबून केलेल्या गाद्या कुरकुरतात, पण टिकतात. ओल्या शर्यतीला दुसऱ्या जातीच्या वापराव्यात, आणि एक जोडी खिशात ठेवावी.

शर्यतीनंतरचा अर्धा तास

शर्यत संपली की स्वार चहाकडे धावतो आणि सायकल भिंतीला टेकते. इथेच खरे नुकसान होते. ओल्या साखळीला रात्रीत तांबेरा चढतो. समुद्राचे खारे पाणी लागले असेल तर विचारूच नका. कोकणकिनाऱ्याच्या वाळूतून फिरून आलेल्यांनी सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतलीच पाहिजे.

क्रम असा ठेवावा. बादलीभर पाणी आणि मऊ ब्रश घेऊन चिखल वरून खाली धुवावा. गॅरेजमध्ये मोटारी धुतात तो जोराचा फवारा हबवर आणि पायडलांच्या आसावर कदापि मारू नये. नदीने जे पाणी आत घातले नाही ते हा फवारा घालतो. सीटच्या दांडीची उंची खुणेने नोंदवून दांडी काढावी आणि सायकल उलटी करावी. चौकटीच्या नळ्यांतून कधी कधी पेलाभर पाणी निघते! काही चौकटींना तळाशी बारीक भोक असते. ते चिखलाने बुजले नाही ना हे पाहावे. साखळी फडक्याने कोरडी पुसावी, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडावा, थोड्या वेळाने वरचे तेल पुन्हा पुसून घ्यावे. कोरड्या हवेचे पातळ तेल पहिल्याच ओढ्यात वाहून जाते, तेव्हा ओल्या दिवसांत दाट तेल वापरावे. पुढच्या काट्याच्या चकचकीत नळ्या स्वच्छ पुसाव्यात. शेवटी चाक उचलून फिरवावे आणि चौकटीवर तळहात ठेवावा. आत खरखर जाणवली तर बेरिंगात पाणी गेले आहे. जात्याची घरघर जशी बाईला कळते तशी ही खरखर हाताला कळते. त्या आठवड्यातच बेरिंग उघडून धुऊन नवे ग्रीस भरले तर काम थोडक्यात आटपते. महिनाभर टाळले तर नवे बेरिंग घ्यावे लागते.

चिखलाचा घोट

सायकलीची एवढी काळजी घेणारा माणूस स्वतःच्या पोटाला विसरतो. जुलै २००८ मध्ये वेल्समधील बिल्थ वेल्स येथे एक मोठी डोंगरी सायकलशर्यत झाली. वाट मेंढ्यांच्या कुरणांतून जात होती आणि पाऊस पडून गेला होता. शर्यतीनंतर दीडशेहून अधिक स्पर्धकांना जुलाब आणि पोटदुखीने गाठले. आरोग्यखात्याने शोध घेतला तेव्हा बोट वळले चिखलाकडे. चाकावरून उडालेला, लेंड्यांनी दूषित झालेला चिखल तोंडावर आणि पाण्याच्या बाटलीच्या चोखणीवर बसत होता, आणि घोटाबरोबर पोटात जात होता. उपाय किती साधे! बाटलीच्या तोंडावर झाकण, चाकावर मडगार्ड, आणि खाण्यापूर्वी हात धुणे. आजी जे सांगत होती तेच.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. २००० साली मलेशियाच्या सबा प्रांतात ‘इको-चॅलेंज’ ही साहसशर्यत झाली. रानातली चाल, होडी, पोहणे आणि डोंगरी सायकल असे सगळे तीत होते. ३०४ स्पर्धक होते. घरी परतल्यावर अनेकांना कडक ताप भरला. ज्या १८९ जणांशी तपासनिसांनी संपर्क साधला, त्यांतल्या ८० जणांत लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे आढळली. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात आणि कातडीवरच्या खरचटीतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात शिरतात. सेगामा नदीत पोहल्याचा संबंध त्या तापाशी जोडला गेला. सुदैवाने कोणी दगावले नाही.

हे नाव मुंबईकराला नवे नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर याच तापाने शहर हैराण झाले होते. तेव्हा ओढ्याच्या पाण्यात पडून, खरचटून आलेल्या मुलाला आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप आला आणि अंग, विशेषतः पोटऱ्या, फार दुखू लागल्या, तर साधा फ्लू म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांना ‘हा ओढ्यात पडला होता’ एवढे वाक्य आवर्जून सांगावे. पाण्यात जाण्यापूर्वी जखमांवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी, आणि बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्याने अंग धुवावे.

घाटात जाणाऱ्यांसाठी

कोस्टारिकातल्या शर्यतीत स्पर्धकांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते, दवाखाना असतो. आपल्या मावळात आणि कोकणकड्याच्या पायथ्याशी रविवारी सकाळी निघालेल्या चौघांमागे तसे कोणी नसते. सह्याद्रीतला ओढा घाटमाथ्यावरच्या एका सरीने बघता बघता चढतो आणि पाऊस थांबला की तितक्याच लगबगीने उतरतोही. म्हणून तिथे सर्वांत मोठी युक्ती म्हणजे वाट पाहणे. काठावर एक दगड पाण्याच्या रेषेला लावून ठेवावा. पाणी त्याच्यावर गेले तर चढते आहे, दगड उघडा पडला तर उतरते आहे. तासभर बसावे, डबा खावा. गावकऱ्याला विचारावे, साकव कुठे आहे, उतार कुठला, हे त्याच्याइतके कोणत्याही मोबाइलमधल्या नकाशाला ठाऊक नसते. आणि त्याने ‘आज नका जाऊ’ म्हटले, तर आल्या वाटेने परत फिरावे.

मोबाइल, सुके मोजे आणि काडेपेटी एकात एक घातलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून ठेवावी. एकट्याने पाण्यात उतरू नये. पहिला पार होऊन काठाला लागेपर्यंत दुसऱ्याने पाय ओला करू नये.

आता आईवडिलांसाठी दोन शब्द. ‘पाण्यात जाऊ नकोस’ असे म्हटल्याने मुले जायची थांबत नाहीत; फार तर सांगायची थांबतात. त्यापेक्षा त्यांना विचारावे, “वाटेत ओढे किती? उतार कुठे? पाणी चढले तर परतीची वाट कोणती?” या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत त्याला निर्धास्त सोडावे. ज्याच्यापाशी नाहीत त्याच्याबरोबर बसून रात्री नकाशा उघडावा. यंदाचा पावसाळा तर सरला. ओढे निवळले आहेत, वाटा सुकल्या आहेत, आणि शिकायला याहून चांगले दिवस नाहीत. दिवाळीच्या सुटीत घोटाभर पाण्यात चार वेळा जाऊन यावे आणि घरी आल्यावर सायकल अंगणात उलटी करून पेलाभर पाणी निघते का पाहावे. वडिलांनी फडके हातात घेऊन साखळी पुसायला बसावे. ओव्हरऑइलिंगची विद्या त्यांना येतेच!